मागच्या बाकावरून मांडलेला संसार

आपल्याकडे आमदार-खासदाराची ओळख दोन गोष्टींवरून ठरते. त्याला मंत्रिपद मिळालं का, आणि त्यानं मतदारसंघात किती कोटींची कामं आणली. रस्त्याच्या कडेला लागणाऱ्या फलकांवर याच दोन गोष्टी असतात आणि निवडणुकीच्या सभांमध्येही याच घोळवल्या जातात. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही: हा माणूस सभागृहात काय बोलला? कुणाच्या घरातली अडचण त्यानं सरकारसमोर ठेवली, आणि सरकारनं त्यावर काय उत्तर दिलं? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गावोगाव फिरावं लागत नाही. ते विधिमंडळाच्या आणि संसदेच्या कार्यवाहीत छापून ठेवलेलं आहे. त्या छापील पानांकडे धाराशिव जिल्ह्याच्या वाचकाचं लक्ष वळवावं, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

मागच्या बाकावरचा सदस्य म्हणजे ज्याच्याकडे खातं नाही, सही करण्याचा अधिकार नाही आणि सत्ताधाऱ्यांच्या बैठकीत निर्णयाचा शब्द नाही, असा सदस्य. त्याच्या हाती फक्त सभागृहाचे नियम असतात. आणि सामाजिक-घरगुती प्रश्न म्हणजे पिण्याचं पाणी, रेशनचं धान्य, हुंडा, मुलीचं लग्नाचं वय, विधवेच्या नावावरची जमीन, बाळंतपण, कामासाठी गाव सोडणारं कुटुंब. अर्थसंकल्पाच्या भाषणात यांना एखाद-दुसरी ओळ मिळते. पण धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात माणसाचं आयुष्य याच प्रश्नांनी व्यापलेलं असतं. हे प्रश्न सभागृहात कुणी नेले आणि कसे नेले, हा या जिल्ह्याच्या राजकीय इतिहासाचा गाभा मानला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

धाराशिवचा हा इतिहास उशिरा सुरू होतो, आणि त्याचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच काळात मुंबई इलाख्यातल्या मराठी माणसाला, मतदानाचा हक्क मर्यादित का असेना, पण सरकारला जाब विचारणारं एक सभागृह मिळालं होतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. बोले मंत्री नव्हते. पण त्यांच्या त्या ठरावाच्या आधारानं महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि तो हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले. गिरणी-कारखान्यांतल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून असवले यांनी विधेयक आणलं. १९२८ मध्ये त्याला पाठिंबा देताना आंबेडकरांनी सांगितलं, की या विसाव्याचा भार राष्ट्रानं उचलायला हवा, कारण त्यात राष्ट्राचं हित आहे. पुढच्याच वर्षी कायदा झाला. १९३८ मध्ये प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण बाईच्या शरीरावर पडणाऱ्या बाळंतपणांच्या ओझ्याची चर्चा सभागृहात झाली आणि ती छापली गेली.

सीमेपलीकडे, सोलापूरपासून काही कोसांवरच्या तुळजापुरात आणि धाराशिवात, असं काही घडण्याची सोयच नव्हती. पाणवठ्याचा प्रश्न तिथंही होता, बाळंतपणात बायका तिथंही मरत होत्या. पण तो प्रश्न विचारायला लोकांनी निवडून दिलेला माणूस नव्हता आणि उत्तर द्यायला बांधील असलेलं सरकार नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १९५२ मध्ये प्रौढ मतदानानं पहिली हैदराबाद विधानसभा निवडली गेली. धाराशिवच्या शेतकऱ्यानं, शेतमजुरानं, बाईमाणसानं आपला प्रतिनिधी पहिल्यांदा निवडला तो या निवडणुकीत.

त्या विधानसभेची कार्यवाही आज हातात घेतली, तर पहिली नजर लिपींवर जाते. एकाच खंडात उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी. सदस्य ज्या भाषेत बोलला त्या भाषेत त्याचं भाषण छापलेलं. एका पानावर फारसी वळणाची लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि पुढच्या पानावर देवनागरी सुरू होते. काशिनाथराव वैद्य अध्यक्ष होते. विरोधी बाकांचं नेतृत्व करणारे कम्युनिस्ट नेते व्ही. डी. देशपांडे मराठी होते आणि निवडून आले होते तेलंगणातल्या इप्पागुड्यातून. वैजापूरच्या आशाताई वाघमारे यांच्या रूपानं मराठवाड्याची बाईही त्या सभागृहात होती. आणि उस्मानाबादहून, म्हणजे आजच्या धाराशिवहून, आले होते शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील.

भाई उद्धवराव पाटील हे नाव जिल्ह्यातल्या जुन्या पिढीला सांगावं लागत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामातून पुढे आलेल्या फळीतले ते नेते. त्यांची कारकीर्द एका वेगळ्याच अर्थानं अभ्यासण्यासारखी आहे. त्यांचा जिल्हा न हलता तीन राज्यांत फिरला, आणि त्याच्याबरोबर त्यांची सभागृहं बदलत गेली. १९५२ मध्ये हैदराबादची विधानसभा. १ नोव्हेंबर १९५६ नंतर मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर १९५७ मध्ये मुंबईची विधानसभा. १ मे १९६० रोजी तिचीच महाराष्ट्र विधानसभा झाली. आणि १९७७ मध्ये लोकसभा. राजधान्या बदलल्या, कामकाजाची भाषा बदलली, मुख्यमंत्री बदलले. उद्धवरावांचा बाक मात्र सत्तेबाहेरचाच राहिला. विरोधकांमध्ये त्यांचं स्थान पहिल्या रांगेतलं होतं, पण खातं नसलेल्या सदस्याची जी मर्यादा असते ती त्यांनाही होतीच. आपल्या जिल्ह्यातल्या सर्वसाधारण कुटुंबाची बाजू त्या मर्यादेत राहून कशी मांडायची, याचा वस्तुपाठ म्हणून त्यांच्याकडे पाहावं.

त्यांच्या पक्षाचं राजकारण जमिनीभोवती होतं. कूळ, लेव्ही, सावकारी, इनाम हे शब्द ऐकले की हा शेतीचा विषय आहे असं वाटतं. पण जमिनीचा कायदा घराच्या आत किती खोल जातो, हे एका कलमावरून पाहता येईल. १९५० चा हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा हा त्या काळी पुरोगामी कायदा गणला गेला. संरक्षित कुळाचा हक्क वारसाकडे जातो, असं त्याच्या ४० व्या कलमानं सांगितलं. वारस कोण? तर आधी कुळाची मुलंबाळं, रक्ताची किंवा दत्तक. ती नसतील तर त्याची विधवा, आणि तीही दुसरं लग्न करेपर्यंतच. ज्या बाईनं नवऱ्याच्या बरोबरीनं ते रान कसलं, खुरपलं, राखलं, तिचा त्या रानावरचा हक्क शेवटच्या क्रमांकावर आणि अटीचा. जमिनीच्या कायद्याची चर्चा वाचताना अशा कलमांपाशी थांबलं पाहिजे. कुळाच्या बाजूनं कोण बोललं हे तर पाहावंच. कुळाच्या घरातल्या बाईच्या बाजूनं कोण बोललं, हेही शोधावं. सभागृहातली शांतताही पुरावाच असते.

१९५७ नंतरचा काळ जिल्ह्यासाठी अवघड होता. संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट पश्चिम महाराष्ट्रात उसळली, मराठवाड्यानं बहुतांश काँग्रेसला साथ दिली. त्यामुळे मराठवाड्यातून समितीच्या बाजूनं बोलणारे सदस्य थोडे. मुंबईच्या सभागृहात गिरण्या, गोदी, शहरातली घरं यांच्या चर्चेला वजन होतं. हैदराबादच्या कायद्यांखाली वाढलेल्या, वेगळ्या महसुली पद्धतीच्या, मागे राहिलेल्या जिल्ह्याचं म्हणणं तिथं मुद्दाम समजावून सांगावं लागत होतं. उस्मानाबादच्या प्रतिनिधीला आधी हा जिल्हा काय आहे ते सांगायचं आणि मग त्याचा प्रश्न मांडायचा, असं दुहेरी काम होतं.

१९७७ ची लोकसभा हा उद्धवरावांच्या वाटचालीतला आणखी एक टप्पा. मतदारसंघांच्या नव्या रचनेनंतर उस्मानाबादची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि लातूरची जागा खुली झाली. उद्धवराव लातूरमधून उभे राहिले आणि निवडून आले. आज हा दुसरा जिल्हा वाटतो. पण लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. १९७७ मध्ये लातूर उस्मानाबाद जिल्ह्याचंच तालुक्याचं गाव होतं. शेतकरी कामगार पक्षाचे पाच खासदार त्या लोकसभेत होते: लातूरचे उद्धवराव, नांदेडचे केशवराव धोंडगे, परभणीचे शेषराव देशमुख, कुलाब्याचे दि. बा. पाटील आणि कोल्हापूरचे दाजीबा देसाई. पाचांपैकी तिघे मराठवाड्याचे. याच लोकसभेच्या काळात, १९७८ मध्ये, बालविवाह प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीच्या लग्नाचं किमान वय १८ आणि मुलाचं २१ झालं. दिल्लीत झालेला हा बदल मराठवाड्याच्या घरात अजून पुरता उतरलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली, आणि मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांचा आकडा याहून बराच मोठा आहे. कायदा झाला म्हणजे लोकप्रतिनिधीचं काम संपत नाही. मग पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो का पाळला जात नाही, हे विचारत राहणं हेच मागच्या बाकाचं काम.

ते काम कसं चालतं, हे वाचकाला ठाऊक असावं, कारण कार्यवाही वाचण्याची किल्ली तीच आहे. विधानसभेतला तारांकित प्रश्न घ्या. त्याचा साचा ठरलेला असतो. ‘सन्माननीय पाणीपुरवठा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग पहिला भाग: अमुक तालुक्यातल्या अमुक वस्तीवर टँकर येणं बंद झालं, हे खरे आहे काय? दुसरा भाग: असल्यास, चौकशी केली आहे काय? तिसरा भाग: चौकशीत काय आढळून आलं व त्यानुसार कोणती कार्यवाही केली? चौथा भाग: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? समोर मंत्र्याचं उत्तर: ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. नवख्या वाचकाला हे रूक्ष वाटेल. पण उत्तर देण्याआधी मंत्रालयातून जिल्हाधिकारी कार्यालयात विचारणा जाते, तिथून तहसीलदाराकडे, तिथून तलाठ्याकडे. ज्या वस्तीकडे कुणी फिरकत नव्हतं, तिच्या पाण्याबद्दल आठवडाभरात चार कार्यालयांना लेखी लिहावं लागतं. अनेकदा सभागृहात प्रश्न येण्याआधीच टँकर सुरू होतो. आणि उत्तर खोटं असेल तर उपप्रश्नात ते उघडं पाडण्याची संधी सदस्याला असते. त्यासाठी सदस्यानं त्या वस्तीवर जाऊन आलेलं असावं लागतं. चांगला आणि वरवरचा सदस्य यांतला फरक उपप्रश्नातच कळतो.

प्रश्नाखेरीज लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना, अशासकीय ठराव आणि अशासकीय विधेयक ही साधनं आहेत. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे पाहायला आश्वासन समिती आहे. एखाद्या सदस्याचं काम तपासताना त्यानं यांतलं कोणतं साधन कशासाठी वापरलं, एकच प्रश्न किती अधिवेशनं लावून धरला, हे पाहायला हवं.

अशासकीय विधेयकांबद्दल एक गैरसमज आहे, की ती मंजूर होत नाहीत म्हणून निरर्थक असतात. भारताच्या संसदेत अशासकीय सदस्याचं विधेयक कायदा होण्याची शेवटची वेळ १९७० ची आहे, आणि स्वातंत्र्यानंतर असे कायदे झाले अवघे चौदा. तरीही घरातल्या बाईशी संबंधित मोठे बदल याच वाटेनं आले आहेत. स्वातंत्र्यापूर्वी मध्यवर्ती विधिमंडळात डॉ. गो. वि. देशमुख या मुंबईच्या शल्यविशारदानं हिंदू विधवेच्या मालमत्तेच्या हक्काचं विधेयक मांडलं आणि १९३७ मध्ये त्याचा कायदा झाला. हक्क मर्यादित होता, पण नवऱ्यामागे बाईला मुलाइतका वाटा देण्याचं तत्त्व त्यानं रुजवलं. १९८० मध्ये लोकसभेत प्रमिला दंडवते यांनी हुंडाबंदीचा १९६१ चा कायदा कडक करण्यासाठी विधेयक मांडलं. तो विषय संसदेच्या संयुक्त समितीकडे गेला, समितीनं देशभर साक्षी घेतल्या आणि १९८४ व १९८६ मध्ये सरकारला कायद्यात दुरुस्त्या कराव्या लागल्या. महाराष्ट्र विधानसभेत मृणाल गोरे यांनी गर्भलिंग तपासणीविरुद्ध विधेयक आणलं. त्यानंतर सरकारनं स्वतःचं विधेयक मांडलं आणि १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. कागदोपत्री श्रेय सरकारचं, पण वाट पाडली ती सत्तेबाहेरच्या बाकानं.

धाराशिवच्या वाचकाला दुष्काळाची आठवण वेगळी करून द्यायला नको. १९७२-७३ मध्ये खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या रांगांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. मिलो आणि सुकडीवर घरं जगली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. या योजनेचं श्रेय पागे यांना आणि तेव्हाच्या सरकारला द्यावंच. पण मजुरी वेळेवर मिळते का, मोजमाप बरोबर होतं का, कामावर पाण्याची आणि सावलीची सोय आहे का, लहान मूल सांभाळायला कुणी आहे का, हे वर्षानुवर्षं विचारत राहिले ते साधे सदस्य. योजना कागदावरून बाईच्या पदरापर्यंत पोचली ती अशा विचारण्यामुळे.

हा विषय जुना झालेला नाही. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत उपस्थित केला. सरकारला समिती नेमावी लागली. समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कळंब, भूम, परंडा, वाशी या आपल्या तालुक्यांतूनही दर हंगामात टोळ्या कारखान्यांवर जातात. त्यांच्या मुलांची शाळा, कोपीवरची न्हाणी, पाळीच्या दिवसांत बुडालेल्या मजुरीचा दंड, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं रेशन हे सगळे सभागृहात विचारण्याजोगे प्रश्न आहेत. उस्मानाबाद मतदारसंघातून लोकसभेवर आजवर एकच बाई निवडून गेली: २००४ मध्ये कल्पना नरहिरे. हेही घरगुती प्रश्नांच्या हिशेबात धरलं पाहिजे. ज्यांच्या डोक्यावर हंडा आहे त्यांची संख्या सभागृहात इतकी कमी असेल, तर त्या हंड्याची जबाबदारी उरलेल्या सगळ्यांवर दुप्पट येते.

आजच्या सदस्याच्या अडचणीही मान्य करायला हव्यात. पक्षांतरबंदीच्या १९८५ च्या दुरुस्तीनंतर पक्षादेशाबाहेर मत देणं अवघड झालं. अधिवेशनं आखडली, गोंधळात प्रश्नोत्तरांचा तास वाया जाऊ लागला. पण प्रश्न विचारायला पक्षादेश आड येत नाही. तारांकित प्रश्न सत्ताधारी बाकावरचा सदस्यही विचारू शकतो आणि अनेक जण विचारतात. त्यामुळे ‘आमचं सरकार नव्हतं’ किंवा ‘आमचंच सरकार होतं’ यांतली कुठलीच सबब इथं चालत नाही.

कार्यवाही वाचणाऱ्याला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, भाषणापेक्षा उत्तराकडे लक्ष द्या. सदस्याचं भाषण जोरदार असेल, पण सरकारनं काय कबूल केलं ते उत्तरात असतं, आणि पुढच्या लढ्याचा आधार तेच असतं. दुसरी, कुणाची नावं येत नाहीत ते पाहा. दुष्काळाच्या चर्चेत हेक्टर, बंधारे, टीएमसी येतात. पाण्यासाठी शाळा सोडलेली मुलगी क्वचित येते. किल्लारी-सास्तूरच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरांची संख्या मोजली गेली. त्या घरांत एकट्या राहिलेल्या बायकांचं काय झालं, हा प्रश्न किती जणांनी विचारला ते वाचणाऱ्यानं मोजावं.

संसदेच्या चर्चा आज संगणकावर उपलब्ध आहेत, विधिमंडळाची कार्यवाही ग्रंथालयात आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंबच्या महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी प्रत्येक वर्गाला आपल्या तालुक्याच्या एकेका सदस्याची कार्यवाही वाचायला द्यावी. पत्रकारांनी अधिवेशन संपल्यावर कोण बोललं आणि कोण गप्प बसलं याची यादी छापावी. महिला बचत गटांनी आपला प्रश्न अर्जाच्या भाषेत न लिहिता ‘हे खरे आहे काय’ या साच्यात लिहून आमदाराच्या हाती द्यावा आणि पुढच्या अधिवेशनात त्याचं उत्तर मागावं. आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला कुणी दारात आलं, तर रस्ता केला का हे विचारून झाल्यावर एवढं आणखी विचारा: आमच्या घरातला कोणता प्रश्न तुम्ही सभागृहात मांडलात, आणि त्याचं उत्तर काय आलं? ज्याला हे सांगता येईल, तोच आपला खरा प्रतिनिधी.